आधी सुटका, मग आज्ञा : ख्रिस्ती जीवनात देवाच्या नियमशास्त्राचे प्रयोजन

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने ख्रिस्ती धर्मातील नियमशास्त्रावर बोलावयास उभे राहावे, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आम्ही ख्रिस्ती नाही. पंडित तर नाहीच; शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर व कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. परंतु नियम ह्या वस्तूशी आमची गाठ रोजची. मालकाने केलेले नियम, सरकारने केलेले नियम आणि आमच्या संघटनेने स्वतः केलेले नियम, असे तीन प्रकारचे कागद बगलेत मारून आम्ही तीस वर्षे हिंडत आहोत. नियम माणसाला कसा वाचवितो हे आम्ही पाहिले आहे आणि तोच नियम माणसाच्या मानेवर कसा बसतो हेही पाहिले आहे. एकदा एका ख्रिस्ती सहकाऱ्यांनी पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आम्हांस विचारले, "भाऊ, तुम्ही सारखे नियम नियम करता, पण तो कोणासाठी केला, ते तुमच्या कागदावर कुठे लिहिलं आहे का?" तेव्हा आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यांच्या डब्याच्या पिशवीत मराठी बायबल असे, ते आम्ही मागून घेतले. हा प्रश्न त्यांनी कोणत्या प्रसंगी विचारला ते पुढे येईलच.

सुरुवात आपण आपल्या औरंगपुऱ्यापासूनच करू. येथे महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. फुल्यांचे एक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या काळी सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, कारण राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि रविवार हा त्यांचा देवळात जाण्याचा दिवस. साहेबाला सुट्टी, साहेबाच्या कारकुनाला सुट्टी. गिरणीतल्या माणसाला मात्र नाही. लोखंड्यांनी अर्ज केले, सभा भरविल्या, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून तोच मागितला, असेही सांगतात. म्हणजे साहेबाच्या चर्चचा वार आणि आमच्या खंडोबाचा वार एकच निघाला, आणि त्याचा लाभ कामगाराला झाला.

आठवड्यातून एक दिवस कामाला हात लावू नये, ही आज्ञा मूळची यहूदी लोकांची. मोशेला सिनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांपैकी ती एक. यहूद्यांचा हा दिवस, शब्बाथ, शनिवारी येतो. ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. ह्या दहा आज्ञा बायबलात दोन ठिकाणी येतात, निर्गम ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवाद ह्या पुस्तकाच्या पाचव्या. आज्ञा बहुतेक त्याच. पण विश्रांतीच्या दिवसाचे कारण दोन ठिकाणी निराळे दिले आहे. निर्गमात म्हटले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादात कारण असे की तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता हे आठवा, आणि तुमच्या दासाला व दासीलाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर जनावरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, सगळे आहेत. (घरच्या बाईचे नाव मात्र यादीत नाही. हे आमच्या ध्यानात आमच्याच घरातून आणून देण्यात आले.)

हे दुसरे कारण वाचले तेव्हा आम्ही पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो. ही आज्ञा राबविणाऱ्याला उद्देशून आहे, राबणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि तिचा आधार आठवण हा आहे. मग आम्ही मागे जाऊन पहिली आज्ञा पाहिली. तेथे आणखी एक गोष्ट दिसली. दहा आज्ञांचा आरंभ आज्ञेने होतच नाही. मी तुम्हांला दास्यातून बाहेर काढले, असे देव आधी सांगतो आणि मग पहिली आज्ञा येते. पुस्तकाचा क्रमही तसाच. बाराव्या अध्यायात लोक मिसरातून निघतात, चौदाव्यात समुद्र ओलांडतात, आणि विसाव्यात त्यांना नियम मिळतात. आधी नियम पाळा, मग सोडवितो, असा करार त्यात नाही. सुटका आधी झाली आहे, फुकट झाली आहे, आणि नियम मागाहून आले आहेत.

ख्रिस्ती मनुष्याच्या जीवनात देवाच्या नियमाचे काम काय, ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या क्रमात आहे असे आम्हांस वाटते. नियम पाळून मनुष्य देवाच्या कृपेला पात्र होतो, असे ख्रिस्ती मत नाही. तारण हे देणगी आहे, मजुरी नाही, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो; आणि मजुरीचा दाखला त्याने स्वतःच घेतला आहे, ह्यामुळे तो आम्हांस लगेच कळला. काम करणाऱ्याला वेतन मिळते ते उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून. तारण तसे देणे नाही.

मग सुटलेल्या माणसाला नियम कशाला? ज्यांनी मराठवाड्यातील ऊसतोड्यांचे जिणे पाहिले आहे त्यांस हे समजावून सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेला मनुष्य हंगामभर बांधलेला असतो. समजा एखाद्या वर्षी त्याची उचल फिटली. दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभा दिसतो. त्याला कोणी बांधून आणलेले नसते. गरज तर असतेच, पण बांधलेपणाची सवयही अंगात मुरलेली असते. उठावे केव्हा, जावे कोठे, हे आजवर दुसऱ्याने ठरविले. मिसरातून सुटलेल्या लोकांचेही तेच झाले. रानात दीड महिना होत नाही तो त्यांना मिसरातली मांसाची भांडी आठवू लागली. पायातली बेडी तुटली तरी चालण्याची रीत तेवढ्याने येत नाही. ती शिकावी लागते, आणि नियमशास्त्र हे त्या शिकवणीचे पुस्तक.

येथे शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. मराठी बायबलात ह्या सगळ्याला नियमशास्त्र म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्द तोरा. त्याच्या पोटात शिकविणे, दिशा दाखविणे हा अर्थ आहे. ग्रीक भाषेत त्याचे भाषांतर झाले तेव्हा नियम वा कायदा हा अर्थ वर आला. आणि मराठी माणसाने शास्त्र हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? स्पर्शास्पर्श, प्रायश्चित्त, कोणी काय खावे, कोणी कोणत्या विहिरीवर जाऊ नये. शब्द मराठीत आला आणि येताना इथल्या शास्त्रांचा सगळा भार डोक्यावर घेऊन आला. म्हणून मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. एक शास्त्र टाकून जो बाहेर पडला त्याच्या हाती दुसरे शास्त्र देण्यात आले, तर त्याने काय करावे?

लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे आपणांपैकी बहुतेकांनी वाचली असतील. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची कथा आरंभीच आहे. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यावयाचा नाही, मग ते मीठ का असेना! मीठ धुतले तर उरणार काय? पण नियम म्हणजे नियम. आम्हांस हे वाचून हसू येते आणि लगेच थांबते. कारण हे वेड आकाशातून पडलेले नव्हते. १८५७ च्या धामधुमीत घरच्या माणसाला फाशी झाली, त्या धक्क्यातून ते जडले असे लक्ष्मीबाई सांगतात. भ्यालेला मनुष्य नियमाला घट्ट धरतो. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तरी आपले पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला आणि आतल्या आत तो बंध तुटला. ख्रिस्ती त्या त्यानंतर झाल्या. हाही क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ह्याच तऱ्हेची गोष्ट बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आहे. पेत्र हा येशूचा शिष्य, जन्माने यहूदी, खाण्यापिण्याचे निर्बंध काटेकोर पाळणारा. यापो गावी घराच्या गच्चीवर प्रार्थना करीत असता त्याला दृष्टांत होतो : आकाशातून मोठी चादर खाली येते, तिच्यात निषिद्ध मानलेली जनावरे आहेत, आणि मार व खा असे त्याला सांगण्यात येते. तो नाही म्हणतो. तीनदा असे होते. नंतर तो कर्नेल्य नावाच्या रोमी सुभेदाराच्या घरी जातो, आणि यहूद्याने परक्याच्या घरात पाऊल ठेवू नये हा निर्बंध तेथे गळून पडतो. ह्यावरून ख्रिस्ती आचार्यांनी पुढे नियमशास्त्राचे भाग पाडले. यज्ञ, शुद्धाशुद्ध, भक्ष्याभक्ष्य हे विधी ख्रिस्तात पूर्ण झाले, ते आता बंधनकारक नाहीत. प्राचीन इस्राएलाचे राज्यकारभाराचे कायदे त्या राज्याबरोबर गेले. राहिला तो नीतीचा भाग, ज्याचे सार दहा आज्ञांत आहे. ही विभागणी मागाहूनची आहे आणि दिसते तितकी सोपी नाही. लेवीय पुस्तकाच्या एकाच, एकोणिसाव्या, अध्यायात दोन जातींचा धागा एका वस्त्रात विणू नका असे आहे, आणि मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नका असेही आहे. पहिले आज कोणी ख्रिस्ती पाळीत नाही. दुसरे? वेतन किती तारखेच्या आत द्यावे हे ठरवावयास हिंदुस्थानात १९३६ साल उजाडावे लागले. आणि तो कायदाही दुसऱ्या महिन्याच्या सातव्या वा दहाव्या तारखेपर्यंत थांबावयास तयार होता. लेवीयाने रात्रही दिली नव्हती.

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. आमच्या मते मराठीत हा प्रश्न सर्वांत अधिक धारेने त्यांनीच जगला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सारे कुटुंब तीर्थे करीत, पुराणे सांगत, उपासतापास करीत देशभर फिरले, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. शास्त्रे जितकी वाचली तितके रमाबाईंस दिसत गेले की स्त्रीला आणि शूद्राला त्यांत आशा ठेवलेली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. झाले, बाई सुटल्या असे आपणांस वाटेल. पण तेथील मठातील ज्या भगिनी त्यांच्या मार्गदर्शक होत्या त्यांची अपेक्षा अशी की आता चर्चने ठरविलेले सर्व मत रमाबाईंनी निमूट मान्य करावे. १८८५ सालचा त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात रमाबाई स्पष्ट लिहितात की मोठ्या कष्टाने मी माझ्या देशातील पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरविले आहे. तसलेच दुसरे जू आता चढवून घेणार नाही. बायबल वाचीन, देवाची आज्ञा मानीन; पण माणसाचा शब्द देवाची आज्ञा म्हणून मानणार नाही.

वाँटेजच्या भगिनींस हा अहंकार वाटला. त्यांचेही अगदीच चुकले असे आम्ही म्हणणार नाही, कारण प्रत्येकाने आपल्यापुरता अर्थ लावावयाचा ठरविला तर संघ टिकत नाही, हे संघटना चालविणाऱ्याला कळते. पण रमाबाईंचे पुढचे आयुष्य पाहा. त्यांनी पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात सांगितले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे नियम हाती होते आणि सुटका अजून बाकी होती. ती सापडल्यावर ह्या स्वतंत्र बाण्याच्या बाईने काय केले? नियम झुगारून स्वैर झाल्या? दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तीत आणून त्यांस खाऊपिऊ घातले, शिकविले, हातांना काम दिले. आणि हिब्रू व ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत उतरविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. १९२४ साली तो ग्रंथ पूर्ण छापून निघाला. तारणासाठी जिने एकही नियम पाळावयाचा नाकारला, तिने कृतज्ञतेपोटी केवढा मोठा नियम स्वतःवर लादून घेतला! ख्रिस्ती आचार्य ज्याला नियमाचा तिसरा उपयोग म्हणतात तो आम्हांस ह्या बाईच्या चरित्रातून कळला, ग्रंथातून नव्हे.

तिसरा म्हटल्यावर पहिले दोन सांगितले पाहिजेत. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणा झाली तेव्हा लूथर, मेलांक्थन, कॅल्विन ह्या मंडळींनी नियमाचे उपयोग वेगळे करून मांडले. एक उपयोग लगामाचा. दुष्टाला निदान भीती असावी, समाज चालावा. ह्यावर आम्ही फार बोलत नाही. कारखाना निरीक्षक येणार म्हटल्यावर यंत्रावर जाळ्या बसतात, मालकाचे हृदय पालटलेले नसते, पण कामगाराची बोटे वाचतात. तेवढे पुरे.

दुसरा उपयोग आरशाचा, आणि तो अधिक खोल आहे. दहा आज्ञांतील शेवटची पाहा : शेजाऱ्याच्या घराचा, बायकोचा, दासाचा, बैलाचा लोभ धरू नको. खून, चोरी, खोटी साक्ष ह्यांचा पंचनामा होतो. लोभाचा पंचनामा कोणी करावा? ह्या आज्ञेला निरीक्षक नाही, दंड नाही, साक्षीदार नाही. मग ती घातली कशाला? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल कबूल करतो की लोभ धरू नको असे नियमाने सांगितले नसते तर लोभ म्हणजे काय हे मला कळलेच नसते. आणि सांगितल्यावर तो उलट जागा झाला. आरसा तोंडावरचा डाग दाखवितो, पुसत नाही. नियमाकडे प्रामाणिकपणे पाहिले की आपण पुरे पडत नाही हे कळते, आणि मनुष्य कृपेकडे वळतो. पौलाने गलतीकरांस लिहिताना ह्याला एक घरगुती उपमा दिली. त्या काळी श्रीमंताघरच्या मुलाला शाळेत नेण्याआणण्यासाठी एक दास ठेवीत. तो गुरू नव्हे. हात धरून गुरूपर्यंत पोचविणारा. ख्रिस्तापर्यंत पोचविण्यापुरते नियमाचे काम तसे, असे पौल म्हणतो.

लूथरचा भर ह्या आरशावर होता. त्याच्याच एका शिष्याने, योहान आग्रिकोला त्याचे नाव, पुढे असे म्हणावयास आरंभ केला की ख्रिस्ती माणसाला आता नियमाची गरजच नाही, तो कचेरीत असू द्यावा. लूथर त्याच्यावर तुटून पडला. कॅल्विन आणखी पुढे गेला : विश्वास ठेवणाऱ्याला वाट दाखविणे हाच नियमाचा मुख्य उपयोग, असे त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात सांगितले. १५६३ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे तयार झालेली प्रश्नोत्तरी आम्ही मुद्दाम पाहिली, कारण मांडणीवरून माणसाचे मन कळते. तिचे तीन भाग आहेत : माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचे विवरण पहिल्या भागात नाही, तिसऱ्या भागात आहे. रोमन कॅथलिक मंडळींनीही ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली आज्ञा श्रद्धावंतालाही बंधनकारक आहेत असेच ठरविले. मात्र कृपेने आलेल्या सत्कर्माचे तारणात स्थान काय, ह्यावर त्यांचा व प्रॉटेस्टंटांचा वाद राहिला. आपल्या शहरात १९७७ पासून कॅथलिकांचे धर्मप्रांत आहे आणि १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळीही आहे. दोन्हीकडच्या मुलांना दहा आज्ञा शिकवितात; गंमत एवढीच की दोन्हीकडे क्रमांक जुळत नाहीत. विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा एकीकडे तिसरी आणि दुसरीकडे चौथी.

नियम आणि त्याचे सार ह्यांतील भेद आपल्या शहराला नवा नाही. ज्यांनी १९५० साली येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिप्रथेच्या उच्छेदावरील १९३६ च्या भाषणात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा फरक केला आहे. नियम सांगतो अमुक कर. तत्त्व विचार करावयास लावते आणि जबाबदारी माणसावर टाकते. येशूला कोणीतरी विचारले की सर्वांत मोठी आज्ञा कोणती. त्याने दोन सांगितल्या : देवावर सर्वस्वाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. पुष्कळांचा समज असा की येशूने जुने नियम काढून प्रीती आणली. तसे नाही. ह्या दोन्ही आज्ञा जुन्या नियमशास्त्रातल्याच आहेत, पहिली अनुवादातली आणि दुसरी लेवीयातली. मी नियम मोडावयास आलो नाही, पुरा करावयास आलो, असेही तो सांगतो. तत्त्व आधीपासून नियमाच्या आत होते. त्याने वरची साल काढून दाखविले.

आणि ते दाखविले तेही बहुधा ह्या विश्रांतीच्या दिवसावरूनच. शब्बाथाच्या दिवशी येशू वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करतो. शिष्य भुकेने कणसे मोडून खातात. परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा पंथ, आक्षेप घेतात. त्याचे उत्तर असे की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. मराठी माणसाला ह्यासाठी दूर जावे लागत नाही. पैठण येथून किती लांब? रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, आणि श्राद्धाचे अन्न दारच्या अस्पृश्यांना वाढले म्हणून पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांस जाब विचारला, ह्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परुशांना आम्ही मात्र खलपुरुष समजत नाही. ते प्रामाणिक होते. संघटनेचा कार्यकर्ता जसा प्रामाणिक असतो, तसेच.

आता तो प्रसंग. आम्ही ज्या कारखान्यात संघटनेचे काम पाहत होतो तेथे भट्टी अहोरात्र चालू असे. त्यामुळे साऱ्यांना रविवारची सुट्टी शक्य नव्हती. साप्ताहिक सुट्टी पाळीपाळीने फिरे आणि रविवार सात आठवड्यांतून एकदा वाट्याला येई. पूर्वी रविवार सुपरवायझरच्या मर्जीतल्यांना मिळत. ते बंद पाडण्यासाठी संघटनेने भांडून सुट्टीची यादी लावून घेतली, आणि अदलाबदल करावयाची तर तीन दिवस आधी लेखी कळवावे असे कलम आम्हीच त्यात घातले. नियम चांगला होता. त्याने मर्जी संपविली.

आमचे हे ख्रिस्ती सहकारी चर्चला जाणारे. कायम रविवार मिळावा म्हणून त्यांनी एकदा विचारले होते. आम्ही यादी दाखविली. ते काही बोलले नाहीत. पुढे एका रविवारी त्यांची सुट्टी आली. आदल्या रात्री दुसऱ्या एका कामगाराचे मूल घाटीत दाखल झाले. सकाळी त्याची पाळी. ह्यांना कळले तसे ते आमच्या घरी आले आणि म्हणाले, "माझं नाव लिहा, मी जातो." आम्ही म्हणालो, तीन दिवस झालेले नाहीत. एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतील आणि सुपरवायझरचे राज्य परत येईल, असेही सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. ज्याचे मूल आजारी होते त्याची त्या दिवशी गैरहजेरी लागली, पगार कापला गेला आणि महिन्याच्या हजेरीचा भत्ताही बुडाला. कलमावर बोट ठेवणारे आम्हीच. व्यवस्थापनाला तोंड उघडावे लागले नाही.

टपरीवरचा प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यातला. आम्ही त्यांना उलट विचारले की, तुम्हांला सात आठवड्यांनी एक रविवार मिळणार होता, तो का सोडीत होता? तुमच्या देवाची आज्ञा नाही का? ते म्हणाले, "आज्ञा आहे म्हणूनच. मिसरात आम्हाला कोण सुट्टी देत होतं?" तेव्हा आम्हांस त्याचा अर्थ लागला नाही, निर्गम आणि अनुवाद वाचावयाचे होते.

पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही त्या कलमाला दुरुस्ती आणली : घरात आजारपण वा मृत्यू असेल तर तोंडी कळवून अदलाबदल करता येईल, आणि कलमाच्या डोक्यावर, ही यादी कामगाराला विसावा मिळावा म्हणून आहे, अशी एक ओळ. दोघांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे अगदी आमचेच जुने म्हणणे होते. ठराव ह्या सहकाऱ्यांनी मांडावा अशी आमची इच्छा होती. पण सभा रविवारी होती आणि त्या दिवशी यादीप्रमाणे त्यांची पाळी होती.